शिट्टीतला दम

आज सकाळी सुनेनं मला लातुरातल्या एका योगवर्गाला ओढत नेलं. तिसऱ्या मजल्यावरचा हॉल, गार हवा, पायाखाली गुळगुळीत लाकूड, भिंतभर आरसे. शिकवणारी पोरगी गुणाची होती, तिला बोल लावत नाही. ती म्हणाली, "आजोबा, ही एकदम नवीन पद्धत आहे. यात आसन करून थांबायचं नाही, एकातून दुसऱ्यात वाहत जायचं. श्वास पुढे, शरीर मागे." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. नवीन? मी चटईवर उभा राहिलो अन् म्हणालो, "बाई, ही नवीन पद्धत मी बहात्तरच्या दुष्काळात मुखेडजवळच्या खडीवर पाहिलीय. एका पिंजारणीची." सून माझी बाही ओढून राहिली होती. पोरगी हसली, "हो का? छान!" म्हणाली अन् तिनं गाणं लावलं.

छान! डोंबलाचं छान!

घरी आलो, जेवलो नाही, अन् हे लिहायला बसलो. मी साहेबराव सोनकांबळे. तेहतीस वर्षं पीटीचा मास्तर होतो. रागीट माणूस म्हणून शाळेत माझं नाव होतं, पोरं माघारी मला 'फटाका' म्हणायची, अन् ते खोटं नव्हतं. पण आज जो राग आलाय तो त्या पोरीचा नाही. अर्धा जगाचा आहे अन् अर्धा माझा स्वतःचा. त्याचं कारण जोहराबी.

जोहराबी मुखेडची. नवरा गेला तेव्हा तिची तिशीही उलटली नव्हती. त्याची धनुकली तिनं खांद्यावर घेतली अन् गल्लोगल्ली गाद्या-रजयांचा कापूस पिंजत फिरायला लागली. बाईमाणसानं धनुकली घेऊन दारोदार फिरायचं म्हणजे त्या काळात केवढं! आधी भाऊबंद बोलले, मग गाव बोललं, मग सगळ्यांच्या गाद्या दगडासारख्या कडक झाल्या अन् सगळे गप बसले.

कापूस पिंजताना ज्यानं पाहिलं नाही त्याच्यासाठी सांगतो. धनुकली म्हणजे माणसाएवढं मोठं धनुष्य. त्याच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मुठीनं मारायचं, तात कापसात थरथरते अन् कापूस फुलतो. पण त्याबरोबर बारीक तंतू साऱ्या खोलीत उडतात, ते नाकातोंडात जातात. त्यामुळं पिंजाऱ्याच्या घरात दमा ठेवलेलाच. जोहराबीचा बाप दम्यानं गेला, नवरा दम्यानं गेला. मग ही कशी टिकली? तर हिनं एक गोष्ट पाहून ठेवली होती. मारताना दम सोडायचा. तंतू उडतायत तोवर सोडतच राहायचं. ते खाली बसले की मग सावकाश आत घ्यायचा. म्हणजे हात कधी हलवायचा ते हातानं ठरवायचं नाही, दमानं ठरवायचं. "दम मालक हाय, हात नौकर," ती म्हणायची. "मालक निघाला की नौकरानं निघायचं. नौकर म्होरं पळाला की घात झाला बघ."

दुसरी गोष्ट तिला तालमीतून मिळाली. तिचा मामू दस्तगीर हा उस्ताद होता. लहानपणी ती तालमीच्या लाल मातीत ताक ओतायला जायची. पोरीच्या जातीला आत थांबायची मनाई होती, म्हणून ताक ओतून झालं की ही भिंतीच्या भोकाला डोळा लावून उभी. तिनं पाहिलं की तरणेबांड पैलवान वीस जोर मारून धापा टाकतात, अन् पिकल्या दाढीचा मामू शंभर मारून वर गप्पा हाणतो. का? तर पैलवान प्रत्येक जोराला नवा झटका देत होते, अन् मामूचा एक जोर दुसऱ्यात मिसळत होता. मध्ये सांधा दिसत नव्हता.

या दोन गोष्टी तिनं एकत्र शिवल्या. रोज सकाळी पदर खोचून, दार लावून, ती अंगाचा एक फेरा करायची. सूर्यनमस्कारासारखाच, पण नावं तिच्या धंद्यातली. हात वर नेणं म्हणजे उचल. कमरेतून खाली वाकणं म्हणजे घडी. अंग जमिनीसमांतर लांब करणं म्हणजे पसर. छाती वर काढून पाठ धनुकलीसारखी वाकवणं म्हणजे ताण. उचलताना दम भरायचा, घडी घालताना सोडायचा, असं करत परत उभं. आधी दम सुरू व्हायचा, मग अंग. अन् दम संपायच्या आत अंग जागेवर पोचलेलं असायचं. कुणी शिकवलं नव्हतं तिला. कुठलं पुस्तक वाचायला तिला अक्षरही येत नव्हतं.

बहात्तर साली कापूसच पिकला नाही. गाद्या पिंजून घेणार कोण? लोक घरातली भांडी विकून राहिले होते. तेव्हा जोहराबी धनुकली खुंटीला टांगून खडीवर, म्हणजे सरकारनं काढलेल्या दुष्काळी कामावर, आली. मी बावीस वर्षांचा मॅट्रिक पास, अन् मीही तिथंच दगड फोडून राहिलो होतो. आमच्या वस्तीतल्या सगळ्या बाया तिथं होत्या. टोपल्या भरायच्या अन् हातोहात पुढं द्यायच्या, दिवसभर. पोटात सरकारी सुकडीचा कोरडा घास, वर ते ऊन. आमच्या नागुबाईला तर रोज दुपारी चक्कर यायची. पडली की पाणी मारायचे अन् परत रांगेत उभी करायचे.

जोहराबीनं दोन दिवस पाहिलं. तिसऱ्या दिवशी ती रांगेच्या मधोमध जाऊन उभी राहिली अन् हाक द्यायला लागली. "दम भर... उचल. दम सोड... दे." आधी बाया फिदीफिदी हसल्या. मग टोपल्या आपसूक एका लयीत फिरायला लागल्या. कुणी घाई केली की ही ओरडायची, "दम धरा गं, दम धरा!" आठवडाभरात नागुबाईची चक्कर थांबली. खोटं वाटत असेल तर नका मानू, मी डोळ्यांनी पाहिलंय. खाणं तेच होतं, ऊन तेच होतं. वाया जाणारा दम तेवढा वाचला होता. संध्याकाळी बाया कमरेवर हात न ठेवता घरी जायला लागल्या, ही काय लहान गोष्ट आहे?

पण आमचा मुकादम वीरण्णा होता तिकडचा, देगलूरच्या पलीकडचा. त्याचं निम्मं डोकं कानडीत चालायचं. मराठीत 'दम धरा' म्हणजे थांबा, एवढंच त्याला माहीत. तीस बाया एका सुरात थांबा-थांबा म्हणतायत म्हणजे काम बंद पाडतायत, अशी त्याची समजूत झाली. त्यानं वर कळवलं की बायका घोषणा देतायत अन् म्होरकी जोहराबी आहे. झालं! दुसऱ्या दिवशी जीप आली. आतून एक साहेब उतरले, तोंडावर रुमाल.

"घोषणा कोण देतंय?"

जोहराबी पुढं झाली. "घोषणा न्हाई साहेब. दम हाय. श्वास."

"श्वास घ्यायला ओरडावं लागतं का?"

"पोटात काही नसलं की लागतंय, साहेब."

 साहेब लालबुंद झाले. बाईला चार दिवस कामावर घ्यायचं नाही, असं सांगून जीप निघून गेली. चार दिवस! त्या दुष्काळात चार दिवस म्हणजे चूल चार दिवस गार. वीरण्णाला नंतर कळलं तेव्हा तो बिचारा तिच्या दारात जाऊन रडला, पण साहेबाला कोण सांगणार? आपल्या भाषेत दम एकच, पण वाटणी बघा कशी झालीय. साहेब दम देतात अन् गरिबानं दम धरायचा.

मी तिला मावशीच्या नात्यानं खाला म्हणायचो, तेव्हा म्हणालो होतो, "खाला, मी कधी मोठा झालो ना, तर असल्या लोकांना सरळ करीन." ती म्हणाली, "सायबू, पैले मोठा हो. मग बघू तू कोणाच्या बाजूचा ऱ्हातोस." हे वाक्य मी तेव्हा हसण्यावारी नेलं.

पुढं मी व्यायामशिक्षकाचा कोर्स केला, नोकरी लागली, अन् एकोणऐंशी साली लातूरच्या एका मुलींच्या शाळेत आलो. गळ्यात शिट्टी आली. अहो, काय सांगू त्या शिट्टीचा तोरा! पितळेची होती, चकचकीत. एक फुंकर मारली की दोनशे पोरी जागच्या जागी गप्प. ज्याच्या बापाला गावच्या शाळेनं वर्गाबाहेर ओसरीखाली बसवून शिकवलं, त्या माणसाला हे काय वाटत असेल, तुम्हीच विचार करा. जोहराबीही तोवर लेकीजवळ लातूरला आली होती. गोलाईच्या बाजारामागं जावई जिलानी याचं गाद्यांचं छोटं दुकान होतं, तिथं ती बसायची. जाता-येता भेट व्हायची.

ब्याऐंशी साली लातूर जिल्हा झाला. गावाला काय आनंद झाला होता म्हणून सांगू! जो तो नावापुढं जिल्हा लावायला लागला. आमच्या कोपऱ्यावरच्या टपरीवरसुद्धा 'जिल्हा टी हाऊस' अशी पाटी लागली, अन् चहा तोच, पाणचट. पुढच्या सव्वीस जानेवारीला आमच्या भागातल्या शाळांचा मोठा मेळावा ठरला. त्यात आमच्या शाळेच्या दोनशे पोरींनी मैदानावर बारा-बारा नमस्कार घालायचे, असं मला सांगण्यात आलं. मी शिट्टी घेऊन कामाला लागलो.

जोहराबीची नात हसीना आमच्याच शाळेत पाचवीला होती. अकरा वर्षांची, काडीसारखी पोर. पिंजाऱ्याचं घर, तिला दमा होताच. तिसऱ्या नमस्काराला तिची छाती शिट्टीपेक्षा मोठ्यानं वाजायची. मी तिला रांगेतून बाहेर काढलं. "दमेकऱ्यांनी झाडाखाली बसायचं," असं सगळ्यांसमोर म्हणालो. ती गेली अन् लिंबाखाली बसली. पाचवीपर्यंत कुठल्याच खेळात तिला कुणी घेतलं नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. अन् मी विचारलंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी जोहराबी शाळेच्या मैदानात हजर. पोरींसमोर तिनं मला जुन्या नावानं हाक मारली.

"ए सायबू! माझी नात रांगेच्या भाईर का?"

"खाला, तिला दमा हाय."

"दमा तिला हाय का तुझ्या शिट्टीला? काढ ती गळ्यातून." अन् तिनं शिट्टी घेतली, पहिल्या रांगेतल्या शिवगंगा नावाच्या पोरीच्या हातात दिली अन् म्हणाली, "बेटी, तुमचा मास्तर वाजवतो तशीच वाजव. सायबू, घाल नमस्कार."

आता माघार कशी घेणार? दोनशे पोरी बघून राहिल्या होत्या. मी घातले. शिवगंगा द्वाड, माझ्याहून जोरात वाजवून राहिली होती. आठव्या नमस्काराला माझ्या तोंडाला फेस आला अन् बाराव्याला मी गुडघ्यावर हात टेकून कुत्र्यासारखा धापा टाकत उभा. पोरी खी-खी करून हसल्या. जोहराबी हसली नाही.

"नाव सांग तुझं. पुरं. एका दमात."

"साहेब... राव..." पुढं निघेना.

"बघ. मास्तरची ही गत, मग माझ्या पोरीची काय होईल? शिट्टी समद्यांना एक हाय. दम हरेकाचा येगळा हाय. ज्याचा लांब हाय त्यानं लांब करावं, आखूड हाय त्यानं आखूड. दम तुटायला लागला तर घडी अर्धी कर, गुडघा टेक, कोण विचारतंय? अंग कमी कर, दम कमी करू नको." मग तिनं हसीनाचा हात धरून तिला पुढं आणलं. "हिला आजवर कोणी रांगेत उभं केलं न्हाई. सव्वीस तारखेला ही रांगेत पायजे. शिट्टी नको. शब्द दे."

"दिला," मी म्हणालो.

त्यानंतर दोन महिने जोहराबी रोज सकाळी मैदानात यायची. ती हाक द्यायची, "भराऽऽ... सोडाऽऽ..." अन् शेवटच्या पोरीचा दम संपल्याशिवाय पुढची हाक नाही. मला आधी वाटलं, गोंधळ होईल. उलटं झालं. पोरी एकमेकींच्या श्वासाकडं कान द्यायला लागल्या. आधी सोडायचं, मग भरायचं, हे ती रोज सांगायची. "भरलेल्या गादीत कापूस घालता येतो का? पैले जुना काढा." फेरा संपला की हरेकीनं आपलं पुरं नाव एका दमात सांगायचं, ही परीक्षा. नाव तुटलं तर उद्या हळू करायचं, शिक्षा नाही. महिन्याभरात पोरींची पाठदुखी, पोटदुखी, प्रार्थनेच्या वेळी भोवळ येणं, सगळं कमी झालं. माझा स्वतःचा आवाज खाली आला. बायकोनं विचारलं, "शाळेत काही झालं का? घरी येऊन ओरडला नाहीत आज."

अन् हसीना. ती आधी उशाला दोन उशा घेऊन बसून झोपायची, आडवी झाली की छाती भरायची. डिसेंबरात जोहराबीनं मला सांगितलं की पोरगी आता सपाट झोपते. मग एक दिवस हसीना माझ्यासमोर येऊन उभी राहिली, बारा फेरे करून, अन् एका दमात म्हणाली, "हसीना जिलानी पिंजारी, इयत्ता पाचवी, तुकडी ब!" तुकडीसकट! पोरींनी टाळ्या वाजवल्या. तिचा चेहरा अजून डोळ्यांसमोर आहे.

पंचवीस तारखेला मेळाव्याचे एक साहेब तालीम बघायला आले. त्यांचं नाव घेत नाही, घेण्याच्या लायकीचं नाही. त्यांनी दोन फेरे पाहिले अन् घड्याळ पाहिलं.

"एवढं सावकाश? पाहुणे काय दिवसभर बसणार आहेत? अन् हे दम, घडी, पसर, हे काय? नव्या जिल्ह्याचा पहिला कार्यक्रम आहे. शुद्ध शब्द पाहिजेत. अन् ही बाई कोण?"

"आमच्या पोरींना हिनंच शिकवलंय, साहेब."

"शिकवलं असेल. उद्या बाईंना दोरीच्या बाहेर उभं करा. तुम्ही शिट्टीवर घ्या. सहा मिनिटांत बारा. जमत नसेल तर सांगा, बदलीचं बघू." त्यांनी मला दम दिला. अन् मी काय केलं? मी म्हणालो, "हो साहेब." खडीवर असल्या लोकांना सरळ करणारा मी! उंदराला मांजर साक्ष म्हणतात तसं, मी माझ्या मनालाच साक्षीला बोलावलं अन् मन म्हणालं, हसीना रांगेत तर राहील ना, अर्धा शब्द तर पाळला जाईल. जोहराबी तेव्हा लांब पोरींना पाणी देत होती. मी तिला काहीच सांगितलं नाही. सांगायला मला तोंड नव्हतं.

सव्वीस तारखेला थंडी होती, मैदानावर धूळ होती. दोनशे पोरी पांढऱ्या कपड्यांत, हसीना तिसऱ्या रांगेत, वेणीला नवी रिबीन. जोहराबी हाक द्यायला पुढं आली तर एका स्वयंसेवकानं तिला दोरीपाशीच अडवलं. तिनं माझ्याकडं पाहिलं. मी पाहिलं नाही. मी शिट्टी तोंडात घातली अन् फुंकली.

पोरी दचकल्या. पण पोरीच त्या, मास्तरावर विश्वास ठेवणाऱ्या. त्यांनी शिट्टीमागं धावायला सुरुवात केली. दुसऱ्या फेऱ्याला रांगा वाकड्या झाल्या, तिसऱ्याला धापा ऐकू यायला लागल्या. हसीना हळू करू शकली असती. जोहराबीनं तिला तेच शिकवलं होतं. पण आयुष्यात पहिल्यांदा ती रांगेत उभी होती, तिला रांग मोडायची नव्हती. अकराव्या फेऱ्याला ती गुडघ्यावर आली अन् तिच्या छातीतून तो जुना आवाज निघाला.

"सोड, बेटा! पैले सोड! दम सोड!" दोरीच्या पलीकडून जोहराबी ओरडली.

"ओ बाई, घोषणा देऊ नका!" स्वयंसेवक म्हणाला.

दहा वर्षांनी तेच वाक्य! जिल्हा नवा झाला, अन् माणसं तीच.

हसीनानं हाक ऐकली. तिनं डोळे मिटले अन् दम सोडला, लांब, अजून लांब. मग सावकाश भरत ती हातांवर पुढं सरकली अन् छाती वर काढली. ताण. शेजारची शिवगंगा शिट्टी सोडून तिच्या बरोबरीनं करायला लागली. आणखी दोघी-तिघी वळल्या. मला फक्त शिट्टी तोंडातून काढायची होती. तेवढंच. हाताला किती जड होतं ते? तेवढ्यात मांडवातून साहेबांनी घड्याळावर बोट ठेवलं, अन् मी समाप्तीची शिट्टी फुंकली. दोनशे पोरी ताठ उभ्या राहिल्या. शिवगंगासुद्धा. हसीना एकटी तशीच राहिली, अर्ध्यात, छाती वर, मान वर, अन् नजर माझ्यावर. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या. मला मांडवात बोलावून 'उत्कृष्ट मार्गदर्शक' म्हणून प्रमाणपत्र दिलं. अन् मी ते घेतलं.

दोरी सुटल्यावर जोहराबी आत आली. हसीनाला जवळ घेऊन म्हणाली, "नाव सांग, बेटा."

"हसीना... जिला..." पुढं निघेना.

मग ती माझ्याकडं वळली. मला वाटलं शिव्या देईल. द्यायला पाहिजे होत्या. तिनं आवाजही चढवला नाही. "शिट्टीला स्वतःचा दम नसतोय," ती म्हणाली. "तिच्यात कोणाचा दम होता, मास्तर?"

सायबू नाही, मास्तर. त्या दिवसानंतर ती मला कधी सायबू म्हणाली नाही.

हसीना पुढं दोन वर्षं आमच्या शाळेत होती. पीटीच्या तासाला ती स्वतः जाऊन लिंबाखाली बसायची. मी शिट्टी सोडली, हाका मारून बोलावलं, तिच्या बापाकडून सांगून पाहिलं. ती यायची नाही. घरी आजीबरोबर सगळे फेरे करायची, बाईमाणूस झाली, लग्न होऊन हदगावला गेली, दमा आटोक्यात राहिला. पण माझ्या रांगेत ती परत कधी उभी राहिली नाही.

मेळाव्यानंतर आठ दिवसांनी मी गोलाईमागच्या दुकानात गेलो. एका हातात प्रमाणपत्र, दुसऱ्या हातात शिट्टी. जोहराबी एक गादी भरत बसली होती. माझ्या बायकोनंच सांगितलेली गादी, मला ठाऊक नव्हतं. मी तोंड उघडलं अन् नुसता हुंदका आला.

"पैले सोडा," ती म्हणाली. "मग बोला."

मी दम सोडला. किती दिवसांचा कोंडला होता कोण जाणे. मग बोलायला काही उरलंच नाही. तिनं प्रमाणपत्राकडं पाहिलंही नाही. शिट्टी मात्र माझ्या हातातून काढून घेतली, कापसाच्या थराखाली सरकवली, अन् वरून टाके घालायला लागली. मोठ्या सुईनं, न थांबता, एक टाका दुसऱ्यात मिसळत.

"आता निजा याच्यावर," म्हणाली.

पुढची पंचवीस वर्षं मी शिट्टीशिवाय शिकवलं. भरा, सोडा, नाव सांगा. हजारो पोरी त्या हाकेवर मोठ्या झाल्या. कुणी विचारलं, ही पद्धत कुणाची, की मी सांगायचो, जोहराबी पिंजारणीची, अन् लोक हसायचे. ती नव्याण्णव साली गेली. तिच्या नावाची ओळ कुठल्या कागदावर नाही, फोटो नाही, अन् त्या गार हॉलमध्ये ती पद्धत नवीन आहे! पण त्या पोरीवर तरी कशाला डाफरू? जोहराबीला दोरीबाहेर ठेवून शिट्टी फुंकली ती काही तिनं नाही.

गादी मी अजून बदलली नाही. उजव्या कुशीवर वळलो की बरगडीला टोचते. परवा सुनेनं ती मशीनवर पिंजायला दिली, तर दुकानातल्या माणसाचा फोन आला.

"आजोबा, गादीत जुनी शिट्टी निघालीय. हिरवी पडलीय. फेकू का?"

मी दम सोडला, अन् मग बोललो. "फेकू नको. परत घाल. उजव्या बाजूला, होती तिथंच."